डोंगर चढण्याआधी सिकलसेलचे कार्ड पाहा

मागच्या डिसेंबरमधला एक रविवार. आमच्या वाचनालयातली मुले-मुली आणि सोबत पाच-सहा मोठी माणसे, असे आम्ही एकतीस जण सकाळच्या गाडीने गोंदियाहून निघून दरेकसाला उतरलो. आमगाव, सालेकसा मागे पडले तसा डब्यात गारठा वाढत गेला. बेत साधा होता. धनेगावकडून जंगलातल्या वाटेने कचारगडची गुहा गाठायची, परतताना हाजरा फॉल पाहायचा आणि संध्याकाळच्या गाडीने घरी यायचे.

जंगलातली वाट मजेत सरली. शेवटची उभी चढण लागली तेव्हा पोरांनी शर्यत लावली, आणि आम्हीही हसत हसत ती लावू दिली. अर्ध्या चढणीवर बारावीत शिकणारी एक मुलगी दगडावर बसली. मागून येणारे म्हणत होते, "चाल वं, आता थोडसंच रायलं." ती उठली, वीस-पंचवीस पावले चालली आणि पुन्हा बसली. कंबर आणि गुडघे ठणकतात म्हणाली. चेहरा उतरला होता, ओठ कोरडे पडले होते. विचारले तेव्हा कळले, की सकाळपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. गाडीत आणि जंगलात लघवीला जायची सोय कुठे, म्हणून. मग तिच्या मावशीने आम्हाला बाजूला घेतले आणि हळूच सांगितले, "तिला एसएस पॅटर्न आहे. कार्ड घरी कपाटात आहे. पुढे लग्नाचं पाहायचं म्हणून कोणाला सांगितलं नाही."

तिला शालीत गुंडाळले, घोट घोट पाणी पाजले, दोघातिघांनी आळीपाळीने उचलून खाली आणले आणि गाडी करून रुग्णालयात नेले. दोन दिवस सलाईन आणि वेदनाशामक औषधे घेऊन ती बरी झाली. दोष तिचा नव्हता आणि मावशीचाही नव्हता. सहलीला निघण्याआधी आम्ही बूट कोणते घाला, डब्यात काय आणा, याचा लांबलचक निरोप पाठवला होता. कोणाच्या तब्येतीची चौकशी मात्र आम्ही केली नव्हती. या महिन्याचे आरोग्यपान त्या चुकीतून लिहिले आहे.

आपले डोंगर आणि आपले शरीर

गोंदिया म्हटले की लोकांना तलाव आणि धानाची शेती आठवते. पण जिल्ह्याच्या पूर्वेला सालेकसा तालुक्यात दरेकसाच्या डोंगररांगा आहेत, दक्षिणेला अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडाचा डोंगर आहे. कचारगड हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान आहे. माघ पौर्णिमेला तिथे कोयापुनेमची यात्रा भरते आणि अनेक राज्यांतून आदिवासी बांधव येतात. आपण तिथे पाहुणे म्हणून जातो हे लक्षात ठेवावे. प्रतापगडावर महाशिवरात्रीला गर्दी असते, त्याच डोंगरावर दर्गाही आहे. आणि आपल्या लोकांची डोंगरवाट म्हणाल तर ती दरेकसाचा बोगदा ओलांडून छत्तीसगडात जाते. ६ फेब्रुवारीच्या संमेलनाला डोंगरगडच्या प्रज्ञागिरीवर, दोनशेहून अधिक पायऱ्या चढून, तथागतांच्या भव्य मूर्तीपर्यंत जाणारी कितीतरी कुटुंबे आपल्या वाचकांपैकीच आहेत. पांढऱ्या साड्यांमधल्या साठीच्या आया-मावश्या त्या पायऱ्या चढतात, कडेवर नातवंडे असतात.

उंचीच्या हिशेबाने हे सगळे डोंगर लहान आहेत. गोंदिया शहर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या थोडे वर आहे आणि यातला एकही माथा हजार मीटरला पोचत नाही. म्हणजे हवा विरळ होऊन दम लागेल, असे इथे घडत नाही. दम लागतो तो चढणीने. सपाट रस्त्यावर चालताना शरीराला जेवढा प्राणवायू लागतो त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त उभ्या चढणीवर लागतो, कारण प्रत्येक पावलाला आपण स्वतःचे सगळे वजन वर उचलत असतो. मांड्या आणि पोटऱ्या प्राणवायू मागतात, हृदय वेगाने रक्त ढकलते, फुप्फुसे धापा टाकतात. मागणी पुरवठ्याहून वाढली की स्नायूंत आम्ल साचू लागते, पाय जड होतात.

धडधाकट माणसाला हे सोसते, उलट मानवते. आठवड्यातून चार-पाच दिवस अर्धा तास भरभर चालणाऱ्याचे हृदय हळूहळू तेच काम कमी ठोक्यांत करायला शिकते. वेग बरोबर आहे का हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे बोलणे. चढताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर चाल ठीक. एकेक शब्द तोडून बोलावा लागत असेल तर थांबा. ही खूण घड्याळाच्या यंत्रापेक्षा खात्रीची आहे आणि फुकट आहे.

आणखी एक गोष्ट आमच्या तरुणांसाठी. चढण लागण्याआधी तोंडात खर्रा टाकण्याची सवय आपल्याकडे फार. तंबाखूतल्या निकोटीनने हृदयाचे ठोके वाढतात आणि रक्तवाहिन्या आकसतात. ज्या घटकेला रक्त जास्त हवे त्याच घटकेला आपण नळ आवळतो. शिवाय तोंडात खर्रा असला की माणूस पाणीही पीत नाही.

विळ्याच्या आकाराची पेशी चढणीवर काय करते

आता मूळ मुद्दा. रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते, ते प्राणवायू वाहून नेते. सिकलसेलमध्ये हे हिमोग्लोबिन जन्मतः थोडे वेगळे असते. प्राणवायू सोडून दिला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून ताठ दोऱ्यांसारखे होतात आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी व टणक बनते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे मागच्या भागाला रक्त मिळत नाही आणि भयंकर वेदना सुरू होतात. हाडे, सांधे, पाठ, छाती, पोट, कुठेही.

पेशी वाकडी होण्याला चार-पाच कारणे हातभार लावतात. प्राणवायूची कमतरता, शरीरातले पाणी कमी होणे, स्नायूंतले आम्ल, ताप आणि थंडी. उभ्या चढणीवर यातली पहिली तीन एकदम जमा होतात. डिसेंबर-फेब्रुवारीतली पहाट असेल तर थंडी हे चौथे. विदर्भात कडाक्याच्या थंडीचे आकडे बातम्यांत येतात तेव्हा गोंदियाचे नाव बहुतेकदा वरच असते.

ज्याला आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून हा गुण आला तो एसएस, म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आला तो एएस, म्हणजे वाहक. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि गावात तो सरमिसळ केला जातो. एसएस असलेल्याची तांबडी पेशी १० ते २० दिवसच जगते. निरोगी माणसाची १२० दिवस जगते. म्हणून त्याचे हिमोग्लोबिन पुष्कळदा ७ ते ९ च्या घरात असते. सपाटीवर स्वस्थ बसलेल्या या मुलाचे हृदय आधीच जादा काम करत असते. त्याच्या अंगावर आपण शर्यतीची चढण घालतो आणि वर "कमजोर आहे" म्हणून हसतो. वाहकाच्या पेशीत मात्र निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन चांगले असते. तो आजारी नसतो, त्याला औषध लागत नाही, तो शेती करतो, खेळतो, डोंगर चढतो.

मग वाहकाने काहीच पाहायचे नाही का? थोडे पाहायचे. अमेरिकेच्या सैन्यात १९८० च्या दशकात असे दिसले होते, की प्रशिक्षणात धावताना अचानक दगावणाऱ्या जवानांत सिकलसेल वाहकांचे प्रमाण बरेच जास्त आहे. पुढे पाणी, विश्रांती आणि उन्हापासून बचाव यांचे नियम सगळ्याच जवानांना लावले गेले. २०१६ मध्ये सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय जवानांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले नाही. मात्र अतिश्रमाने स्नायू फुटून त्यांतले घटक रक्तात उतरण्याचा धोका वाहकांत सुमारे दीडपट होता. आम्ही यातून एवढेच घेतो, की नियम पाळले तर वाहक सुरक्षित आहे, आणि तेच नियम सगळ्यांसाठी ठेवले तर कोणाकडे बोट दाखवावे लागत नाही.

पोलीस भरतीची तयारी करणारी आपली मुले-मुली १६०० आणि ८०० मीटरच्या धावण्यासाठी पहाटे टेकड्यांवर पळतात. त्यांना हे खास सांगायचे आहे. पहिल्याच आठवड्यात जीव तोडून पळू नका. अंगात ताप असताना, रात्री जागरण झालेले असताना, उपाशीपोटी चढणीवर धाव घेऊ नका. पायांत गोळे येण्याऐवजी पाय अचानक लुळे पडल्यासारखे वाटले, किंवा नंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर ते स्नायूंना इजा झाल्याचे लक्षण आहे. घरी मालीश करत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मूत्रपिंडाला धोका असतो.

उंचीबद्दल एक गोष्ट ओघात सांगून टाकू. हल्ली आपल्याकडून लेहच्या विहारांच्या सहली निघतात. लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे. तिथे मात्र हवा खरोखर विरळ असते आणि एवढ्या उंचीवर वाहकालाही डाव्या बरगडीखाली, प्लीहेत, अचानक तीव्र कळ येऊ शकते. कार्डावर एएस असेल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांशी बोला. एसएस असेल तर त्यांच्या संमतीशिवाय जाऊच नका.

पाणी, आणि बायका पाणी का पीत नाहीत

सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची ताकद कमी होते. रुग्णात जास्त, वाहकात थोडी. म्हणजे पाणी कमी प्यायले तरी लघवी वाटे ते जातच राहते, आणि शरीर कोरडे पडते. म्हणून एसएस मुलीने 'लघवी लागेल' या भीतीने पाणी तोडणे हे दुहेरी नुकसान आहे. पण नुसते "पाणी प्या गं" म्हणून भागत नाही. एकतीस जणांत सतरा मुली-बायका होत्या आणि त्यांच्यासाठी थांबायचे कुठे, हे आम्ही पुरुषांनी ठरवलेच नव्हते. आता ठरवतो. स्टेशनवर पंधरा मिनिटे, गावात ओळखीच्या घरी विचारून, आणि चढणीआधी एका आडोशाला दोन मोठ्या बायका पहाऱ्याला. पाळी सुरू असलेल्या मुलीलाही यामुळेच येता येते. ही सोय केल्यावर पाण्याच्या बाटल्या आपोआप रिकाम्या होऊ लागल्या.

प्रमाण असे धरावे. निघण्याआधी घरीच दोन पेले. चढताना दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट, तासाला साधारण अर्धा लिटर. लघवीचा रंग फिकट असेल तर पाणी पुरेसे आहे, गडद पिवळा असेल तर कमी पडले. घाम फार आला असेल तर ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालावे, अर्धे नाही. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. लिंबू पिळले तर चव येते. झऱ्याचे पाणी गार आणि नितळ दिसले तरी तसेच पिऊ नये.

पोटात काही असू द्या. पोहे, भाकर, उकडलेली अंडी, वाटेत फुटाणे-गूळ. उपासाच्या दिवशी चढण नको.

आणि हाजरा फॉल. घामाघूम होऊन डोंगर उतरलेली पोरे थेट त्या गार पाण्यात उड्या मारतात. ज्याला एसएस आहे त्याच्यासाठी ही उडी चढणीपेक्षा वाईट. गरम अंगावर एकदम गार पाणी पडले की त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, पेशी अडकतात आणि रात्री घरी गेल्यावर वेदना सुरू होतात. लोकांना वाटते चालल्याने दुखते आहे. काठावर बसून पाय बुडवण्याचाही मोह टाळा, कोरडे कपडे आणि स्वेटर जवळ ठेवा. पोहता न येणाऱ्या कोणीही अशा डोहात उतरू नये, हे वेगळे सांगायला नको.

उतारावर दम लागत नाही, म्हणून लोक धावत उतरतात. पण चढताना हृदयाला कष्ट पडतात तसे उतरताना गुडघ्यांना. मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवर घालत असतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. लहान पावले टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, वयस्कांच्या हाती बांबूची काठी द्या. चप्पल नको, मागून बंद आणि तळाला खाचा असलेले बूट हवेत. कड्याकपारीत आग्या मोहोळ असते, तिथे धूर आणि आरडाओरडा करू नका. हे अस्वलाचे आणि बिबट्याचे जंगल आहे. गावातला माणूस सोबत घ्या, त्याला त्याची मजुरी द्या आणि अंधाराआधी खाली या.

वाटेत दुखू लागले तर

पहिले काम थांबण्याचे. "थोडेच राहिले" हे वाक्य त्या वेळी बोलू नका. बसवा, शाल पांघरा, घोट घोट पाणी द्या, दुखरा भाग उबदार ठेवा, जोरात रगडू नका. पॅरासिटामॉलची गोळी वयाच्या मानाने देता येते. औषधाच्या दुकानातून आणलेल्या इतर वेदनाशामक गोळ्या कोरड्या पडलेल्या शरीरात मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात, त्या आपल्या मनाने देऊ नयेत. विश्रांतीने दुखणे ओसरले तरी रुग्णाला वर नेऊ नका, खाली आणा. छातीत दुखणे, श्वास लागणे, ताप, डाव्या बाजूला पोट फुगणे, तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, यांतले एकही दिसले तर वाट पाहण्याला वेळ नाही. १०८ क्रमांकाला फोन लावा. जंगलात नेटवर्क मिळेलच असे नाही, म्हणून धावत खाली जाणारा एक जण आधीच ठरवून ठेवा. रुग्णालयात पोचताच पहिले वाक्य 'सिकलसेल आहे' हे सांगा. लपवले तर उपचाराला उशीर होतो.

रक्ताची गोळी म्हणून लोहाच्या गोळ्या स्वतःहून सुरू करणारेही पुष्कळ आहेत. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिन कमी असते ते पेशी लवकर फुटतात म्हणून, दर वेळी लोह कमी आहे म्हणून नव्हे. फॉलिक अ‍ॅसिड आणि ज्यांना दिले आहे त्यांनी हायड्रॉक्सियुरिया नेमाने घ्यावे. लोह डॉक्टर सांगतील तरच.

तपासणी कुठे होते, असे वाचक विचारतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात बोटातून रक्त घेऊन सोल्युबिलिटी चाचणी होते. ती फक्त 'आहे की नाही' एवढे सांगते. एएस की एसएस हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या तपासणीत कळते. पुष्कळ लोक पहिल्या चाचणीवर थांबतात आणि वर्षानुवर्षे अर्धवट माहितीवर जगतात. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरले आहे. कार्ड त्यातून मिळते.

लाजेबद्दल थोडे बोलले पाहिजे, कारण कार्ड कपाटात जाते ते लाजेनेच. १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत हा गुण भारतात पहिल्यांदा नोंदला गेला. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिले. तेव्हापासून तो आपल्या आणि आदिवासी वस्त्यांचा आजार म्हणून ओळखला गेला, आणि काहींनी त्याला जातीचा डाग समजले. खरे कारण मलेरिया. जिथे पिढ्यान्‌पिढ्या जीवघेणा फाल्सिपेरम मलेरिया होता तिथे वाहक मुले जास्त वाचली, म्हणून हा गुण टिकला. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही तो याच कारणाने आहे. आपल्या जिल्ह्यात इतर समाजांतही तो सापडतो. वाहकाने वाहकाशी लग्न केले तर प्रत्येक गरोदरपणी मूल एसएस असण्याची शक्यता चारात एक असते. हे लग्नाआधी दोन कार्डे शेजारी ठेवून कळते, लपवून कळत नाही. मुलीचे कार्ड मागणाऱ्यांनी मुलाचेही काढावे.

आमच्या सहलीचा निरोप आता बदलला आहे. बूट आणि डब्याच्या आधी एक ओळ असते: कार्ड सोबत आणा, काय लिहिले आहे ते फक्त सोबतच्या ताईंना सांगा. चाल ठरवते ती सगळ्यांत मागची व्यक्ती. सगळ्यांत वेगवान पोराला तिच्या मागे ठेवतो, त्याला ते आवडत नाही. यंदा तीन मुलांनी स्वतःहून कार्डे दाखवली, दोघे एएस आणि एक एसएस. ती बारावीची मुलगी डॉक्टरांना विचारून पुन्हा आली. उभ्या टप्प्याच्या पायथ्याशी मोहाच्या झाडाखाली मावशीसोबत थांबली, अर्ध्या तासाने हळूहळू निघाली, सात ठिकाणी बसली. आम्ही उतरायला लागलो तेव्हा ती गुहेच्या तोंडाशी पोचली होती, म्हणून आम्ही सगळे परत वर गेलो. संध्याकाळची गाडी चुकली. रात्रीच्या गाडीने आलो.